मशीनपुरती जागा

सक्करदऱ्याच्या तलावापलीकडच्या वस्तीत देवराव गजभियेचं घर विचारलं, तर कोणीही हातातलं काम सोडून दारापर्यंत नेऊन पोचवत असे. घर म्हणजे एकच खोली. विटामातीच्या भिंती, वर कवेलू, मागं न्हाणीपुरता आडोसा. त्या खोलीत देवराव, त्याची बायको प्रेमिला, मुलगी सुजाता आणि म्हातारी आई बायजाबाई राहत, आणि त्याच खोलीत देवरावचा सुतारकीचा धंदा चाले. तरी आत पाऊल टाकणाऱ्याला ना अंथरूण दिसे, ना पसारा. "एवढ्याशा जागेत हे सगळं जाते कुठं गा?" असं येणारा प्रत्येक जण विचारी, आणि देवराव तेवढ्याचीच वाट बघत असे.

"प्रेमिला, दाखव वं यांले," तो म्हणे.

मग प्रेमिला चुलीवरचं उतरवून ठेवून उठे. पदर कमरेला खोचून भिंतीवरची कडी काढी आणि सागवानाची भली थोरली फळी दोन्ही हातांनी पेलत खाली आणी. ही निजायची जागा. ती पुन्हा उचलून भिंतीला लावी. मग समोरच्या भिंतीतून रंधा मारायचा ओटा खाली येई. खिडकीखालची पेटी उघडली की जेवायचा पाट, उलटवली की सुजाताची अभ्यासाची चौकी. आढ्याला टांगलेलं खोकं दोरीनं खाली सोडलं की त्यात सगळ्यांची अंथरुणं. देवराव हात बांधून बाजूला उभा राही आणि कुठली बिजागरी कशी फिरते ते समजावून सांगे. बघणारे त्याच्याकडे बघत. फळी कोणाच्या खांद्यावर तोलली आहे, तिकडे कोणाचं लक्ष जात नसे. बाई घर झाडते तशी फळी उचलते, त्यात काय बघायचं?

प्रेमिला कुहीकडची. तिचा बाप धोंडबा दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबणारा माणूस. छप्पन साली तो नागपुरास जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून त्याच्या मनानं एक गोष्ट पक्की धरली होती, की पोरीच्या हाती विळा द्यायचा नाही. कुहीत एका बाईंनी शिवणाचा वर्ग काढला तेव्हा पहिलं नाव त्यानं प्रेमिलाचं घातलं. पोरीचा हातही तसाच निघाला. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप तिच्या डोळ्यांत बसलेलं असे. अडुसष्टच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. धोंडबानं भांडी बेताचीच दिली, पण पायमशीन दिली. बसच्या टपावर ती स्वतः बांधून, शेजारी आपण बसून, उन्हात भाजत तो नागपूरला आला. मशीन खिडकीशी ठेवून झाल्यावर पोरीला म्हणाला, "हे तुहं वावर आहे, बाई. याले पाण्याची वाट पाहा लागत नाही."

वर्ष-दीड वर्ष ते वावर बरं पिकलं. मग देवराव ज्या फर्निचरच्या दुकानात कामाला होता त्याच्या मालकांचं आपसांत फाटलं आणि दुकानाला कुलूप लागलं. देवराव रंधे, पटाश्या, करवती गोणपाटात बांधून घरी घेऊन आला.

"चार दिवस मशीन वर ठेवू," तो म्हणाला. "ओट्याले खिडकीचा उजेड पाहिजे."

मशीनचं डोकं माळ्यावर गेलं. लोखंडी पाय मागच्या आडोशाला, वळचणीखाली. ते चार दिवस काही संपले नाहीत.

देवराव हाताचा गुणी होता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. त्याच्या वस्तीतली घरं सगळी अशीच, एका खोलीची. कोणी घरात पापड लाटून विके, कोणी बिड्या वळे, कोणी चपला शिवे. काम आणि बिऱ्हाड एकमेकांच्या उरावर बसलेलं. देवरावला त्यात वाट काढायचा नाद लागला. वामनराव नावाचे एक मास्तर खोलीतच शिकवण्या घेत. त्यांना त्यानं असा फळा करून दिला, की मुलं गेली की फळा खाली येऊन त्यावर घर जेवायला बसे. एका बिडीवालीला गुडघ्यावर बसणारा, मिटून कोनाड्यात जाणारा पाट करून दिला. काम घेण्याआधी तो तासभर नुसता बसून माणसाकडे बघे. "तुमी उजव्या हातानं कापता का डाव्या? पाठ कुठं दुखते? लेकरू रांगते का चालते?" असं विचारी. बाया हरखून जात. त्यांना आजवर हे कोणी विचारलेलंच नव्हतं.

प्रेमिला चुलीशी बसून ते प्रश्न ऐके. ऐकता ऐकता मनात त्यांची उत्तरं देई.

सुरुवातीला ती तोंडानंही बोलली. "अजी, माह्या मशीनची जागा काढा ना कुठं तरी."

"काढतो ना. बाहेरच्याचं काम आधी. घरचं काय पळून चाललं?"

पुढच्या वर्षी पुन्हा बोलली, तेव्हा तो रंधा थांबवून हसला. "तुह्यासाठी करीन तर असं करीन, का लोक पाहातच राहतीन."

या एका वाक्यावर तिनं कितीतरी वर्षं काढली. आपला नवरा जगाला मापून देतो, आपली पाळी शेवटी येणार, पण येईल ती सगळ्यात देखणी येईल, असं तिनं मनाशी धरलं. दरम्यान ती पहाटे फळी उचले, ओटा पाडी, लाकडाचा भुसा झाडी, भुशातच स्वैपाक करी, गिऱ्हाईक आलं की घर उघडून-मिटून दाखवी. दुपारी पाठ टेकावी म्हटलं तर निजायची फळी भिंतीला आणि खाली कामाचा पसारा. मग ती दारातल्या पायरीवर बसल्या बसल्या डोळे मिटे. समोरच्या घरातली अंजनाबाई आपल्या ओसरीतून हे बघे. अंजनाबाई एकटी राहणारी विधवा. मागंपुढं एक पुतण्या तेवढा, तोही फिरकत नसे. "माह्या ओसरीत पड वं घडीभर," ती म्हणे. प्रेमिला नको म्हणे. आपलं घर असताना दुसऱ्याच्या ओसरीत काहून पडायचं?

कोराडीचं वीजकेंद्र सुरू झालं, तिथं कर्मचाऱ्यांच्या वसाहती उठल्या, आणि देवरावला तिकडची कामं मिळू लागली. क्वार्टर पक्की पण लहान, त्यामुळे त्याच्या हाताला मागणी. तो बसनं जाई, संध्याकाळी राखेनं भुरकट होऊन परत येई. अशाच एका संध्याकाळी हातपाय धुऊन तो प्रेमिलाला म्हणाला, "तुही मशीन काढ वरून. माप घ्याचं आहे."

ती हातातलं टाकून माळ्यावर चढली. मशीनवर बांधलेलं जुनं लुगडं सोडलं, तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. मागच्या आडोशातले पाय आणून त्यांचा गंज घासला. बोटं काळी झाली, पण चेहरा उजळला होता. सुजातानं विचारलं, "आई, तू काहून हसून राहिली?" तर ती म्हणाली, "कुठं? उगाच."

देवरावनं तिला स्टुलावर बसवलं. कोपराची उंची घेतली, गुडघ्याची घेतली. मग तेच प्रश्न, जे तिनं इतकी वर्षं ऐकले होते. "कात्री कोन्या हातानं घेते? कापड कोनीकडं सरते? उजेड कुठून पाहिजे?"

प्रेमिलाजवळ उत्तरं तयारच होती. उजेड डाव्या अंगानं पाहिजे. शिवलेलं कापड पुढं घसरून भुईला लागते, तर समोर एक लहानशी फळी पाहिजे त्याले झेलाले. कात्री लेकराच्या हाती येऊ नये अशी वर, पण आपला हात न पाहता जाईन अशी. बटनांचे खण लहान लहान. अन् मशीन पोटात गेली का वरून झाकण बसलं पाहिजे, म्हणजे त्याच्यावर कापड कापता येईन. बोलता बोलता ती उठून उभी राहिली, हवेतच हात फिरवून दाखवू लागली. देवराव प्रत्येक गोष्टीवर मान हलवत होता. "बरोबर आहे तुहं," तो म्हणाला. "असं मले सुचलं नसतं."

त्यानं मन लावून काम केलं. उंच, अरुंद कपाट. बंद असलं की भिंतीला लागून मुकाट उभं. पुढचं दार खाली आलं की ते टेबल होई आणि आतून मशीन वर येई. खण असे बसले होते, की बोटानं ढकलावं आणि आवाज होऊ नये. देवराव कोराडीला गेला की प्रेमिला घरची कामं उरकून पॉलिश पेपर घेऊन त्याला घासत बसे. आधी जाड, मग बारीक. सुती चिंधीनं लाखेचं पॉलिश तिनंच चढवलं, पुन्हा पुन्हा हात फिरवत, सागवानाच्या रेषा पाण्यासारख्या दिसेपर्यंत. बायजाबाई कोपऱ्यात बसून बघत होती. एकदा म्हणाली, "लई जीव नको लावू त्याले, बाई. लाकूड हाये ते."

"लाकूडच आहे, आत्याबाई," प्रेमिला म्हणाली आणि घासत राहिली.

पॉलिश सुकल्यावर एके दुपारी तिनं आपली मशीन त्यात चढवून पाहिली आणि सुजाताचा झगा शिवला. हात न बघता कात्रीवर जात होता. कापड समोरच्या फळीवर अलगद उतरत होतं. तिनं खणांतून आपली बटणं, रिळं, बॉबिनी लावल्या. समोरून अंजनाबाई आली, तिनं दारं उघडून-मिटून पाहिली आणि म्हणाली, "सोनं झालं वं तुहं." प्रेमिलानं वस्तीतल्या दोघी-तिघींना सांगूनही टाकलं, की आता ब्लाऊजची कापडं आणून द्या.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच दारात टेम्पो येऊन थांबला. त्यातून एक तरणा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उतरला. देवराव लगबगीनं पुढं झाला. "या रवींद्रभाऊ, या. तयारच आहे तुमचं."

प्रेमिला भाकरी थापत होती. रवींद्र नावाच्या त्या माणसानं कपाटावरून हात फिरवला. "वा! सुमती खूश होईल. तिला कालपासून दम नाही." देवरावनं पुढचं दार पाडलं, प्रेमिलाची मशीन उचलून खाली भुईवर ठेवली, आणि एकेक खण ओढून त्यातली बटणं, रिळं, बॉबिनी सुपात ओतल्या. रिळं सुपातून उडून चुलीकडे गडगडत आली. प्रेमिलाच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"अजी," ती हळूच म्हणाली, "हे कुठं नेऊन राहिले?"

"कोराडीले. यांच्या घरवालीचं आहे ना."

"माह्या मशीनचं माप घेतलं तुमी."

"माप घ्याले मशीन लागतेच. त्यांची मशीन तवा दुकानातच होती. अन् रवींद्रभाऊ म्हणे, घरवाली तुमच्या मंडळीच्याच उंचीची आहे, तर मले सोपंच झालं." तिचा चेहरा बघून तो जरा थबकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी कवा म्हटलं तुह्यासाठी म्हणून?"

प्रेमिलानं मनात मागचे सगळे दिवस उलटेपालटे करून पाहिले. खरंच, तो तसं कधीच म्हणाला नव्हता. एका शब्दानंही नाही. तो खोटं बोलला असता तर तिला निदान भांडता तरी आलं असतं.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ती वळली.

पण तेवढ्यावर भागलं नाही. देवराव दारातून म्हणाला, "तूही चाल. बायांले बाईनं दाखवलेलं समजते." आणि ती गेली. का गेली, ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. वर्षानुवर्षं 'दाखव वं' म्हटलं की उठायची सवय अंगाला लागली होती, एवढंच.

कोराडीच्या क्वार्टरमध्ये खिडकीच्या चौकटीवर राखेचा थर होता. सुमती हसऱ्या चेहऱ्याची, प्रेमिलाच्याच वयाची, बांध्यानंही तशीच. नवी मशीन तिनं आदल्या संध्याकाळी दुकानातून आणून पुसूनपासून ठेवली होती. देवराव-रवींद्रनं कपाट भिंतीला लावलं, मशीन आत बसवली. प्रेमिलानं उघडून दाखवलं, मिटून दाखवलं, खण कसे ओढायचे ते सांगितलं. सुमती स्टुलावर बसली, तिनं हात पुढं केला आणि न बघता तिची बोटं कात्रीवर पडली.

"अगबाई!" ती म्हणाली. "देवरावभाऊ, तुम्हाला कसं कळलं माझा हात कुठं जाणार ते?"

देवराव संकोचल्यासारखा हसला. "नजर लागते, ताई. इतकी वर्षं हेच करून राहिलो."

प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

सुमतीनं चहा केला. बशी प्रेमिलाच्या हातात देताना मोठ्या कौतुकानं म्हणाली, "तुमच्या घरी तर याहून सुंदर असेल, नाही का?"

"हाव," प्रेमिला म्हणाली.

परत येताना बसमध्ये देवराव खुशीत होता. आजूबाजूच्या आणखी क्वार्टरमधून बोलावणं आलं होतं. तो बोलत राहिला आणि ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं बायजाबाईला सरळ विचारलं, "आत्याबाई, तुमाले माहीत होतं?"

म्हातारीनं मान फिरवली. "माह्यासमोरच तो त्या मानसाशी बोलला होता. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी बाई हसून राहिली. हसू दे चार दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलानं मशीन परत माळ्यावर चढवली नाही. डोकं कडेवर घेतलं, सुजातानं सूप उचललं, आणि मायलेकी गल्ली ओलांडून अंजनाबाईच्या ओसरीत गेल्या. प्रेमिला म्हणाली, "अंजनाबाई, एक कोपरा द्या."

अंजनाबाईनं आदल्या दिवशी टेम्पो पाहिला होता. "ठेव. ओसरीले काय ओझं होते?"

देवराव संध्याकाळी आला तो लाल होऊन. "लोक काय म्हणतीन? हा दुनियेले जागा करून देते अन् याची बायको दुसऱ्याच्या ओसरीत!"

"खरंच म्हणतीन," प्रेमिला म्हणाली.

"चार महिने थांब. या कोराडीच्या कामातून मोकळा झालो का..."

"मी नाही थांबत आता. अन् उद्यापासून फळी तुमी उचला."

त्याला ती थट्टा वाटली. पण सकाळी उठून ती चूल पेटवून मोकळी झाली आणि ओसरीत निघून गेली. निजायची फळी भुईवर पसरलेली, अंथरुणं तशीच, ओटा भिंतीला. देवरावनं फळीला हात घातला. अर्ध्यावर नेली आणि खांद्याला असा हिसका बसला, की ती त्याच्या हातून सुटता सुटता राहिली. लाकूड त्यानंच निवडलं होतं, चांगलं जाड, दणकट. ते उचलायचा प्रसंग मात्र त्याच्यावर कधी आला नव्हता. दोन दिवस त्यानं कशीबशी उचलली. तिसऱ्या दिवशी आढ्याला कप्पी बसवली, दोरीच्या टोकाला वाळूची पिशवी बांधली, आणि फळी एका हातानं, पीस उचलावं तशी, वर जाऊ लागली.

प्रेमिला भांडी न्यायला घरात आली तेव्हा तिनं ते पाहिलं. दोरी हातात घेऊन तिनं फळी एकदा खाली आणली, एकदा वर नेली. सुजाता पोटात असतानाही तिनं ही फळी उचलली होती. कप्पी कशाशी खातात ते देवरावला तेव्हाही माहीत होतंच. तिनं दोरी सोडली आणि भांडी घेऊन ती बाहेर पडली. कोराडीच्या कपाटाचं दुःख तिनं कधीतरी गिळलंही असतं, पण ही वाळूची पिशवी तिच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं ती ओसरीतच शिवत राहिली. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाचा पडदा लावी, तरी लू चेहरा भाजून काढी. हिवाळ्यात बोटं वळत नसत. पावसाचा सडा आत आला की मशीन भिंतीकडे, वारा फिरला की पुन्हा दाराकडे. दसऱ्याच्या आधी पांढऱ्या कापडांचे ढीग पडत. दीक्षाभूमीवर जायला प्रत्येक घराला नवं पांढरं पाहिजे असे. त्या पांढऱ्यावर गल्लीतली धूळ बसू नये म्हणून ती आपलं लुगडं अंथरी. सुजाताच्या शाळेचं सगळं तिच्या मशीनवर निघालं. अंजनाबाई शेजारी बसून काज-बटणं करी. दुपारी दोघी ओसरीतच पाठ टेकत.

देवराव आणि ती भांडत नसत. दोघं जेवायला एकत्र बसत, बायजाबाईच्या आजारपणात दोघांनी मिळून तिचं केलं, ती गेली तेव्हा विधीही नीट पार पाडले. कामाशिवाय बोलणं तेवढं उरलं नव्हतं. गिऱ्हाईक खोली बघायला आलं की देवराव स्वतः उघडून दाखवी, आणि कोणी विचारलंच, की समोर मशीनवर बसल्या त्या कोण, तर म्हणे, "घरवाली. तिले मोकळ्या हवेत बरं वाटते."

एक्याऐंशीच्या थंडीत अंजनाबाई गेली. तेरवीच्या आधीच पुतण्या उगवला. ओसरीला त्यानं विटांची भिंत घातली आणि किराण्याचं दुकान थाटलं. प्रेमिलाला त्यानं दोन दिवसांची मुदत दिली, तीही मेहेरबानी म्हणून. मशीन पुन्हा गल्ली ओलांडून घरी आली.

तोवर देवरावनं उमरेड रोडला टिनाची शेड भाड्यानं घेतली होती. खोली दिवसभर रिकामी असे. पण भिंती त्याच. पेट्या, फळ्या, कड्या, खोकी, इंचभर जागा मोकळी नव्हती. प्रेमिलाचा उजवा खांदा आता वर जात नसे. दवाखान्यातल्या बाईनं विचारलं होतं, "जड काही उचलायचात का?"

एका रविवारी देवराव टेप घेऊन तिच्यापुढं बसला. केस पिकले होते, भुशानं छाती भरून खोकला लागला होता. "बस स्टुलावर," तो म्हणाला. "माप घेतो. आता तुहं काम."

"माप आहे तुमच्यापाशी," प्रेमिला म्हणाली.

त्याला समजायला वेळ लागला. मग टेप त्यानं हळूहळू डबीत गुंडाळला. डबी मुठीत धरून तो म्हणाला, "तवा मले समजलं नाही, प्रेमिला."

"समजलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माहं सगळं समजलं होतं तुमाले. म्हणूनच तर त्या बाईले असं फिट बसलं."

देवराव उठून बाहेर गेला.

पण काम त्यानं केलं. ओटा खिडकीजवळून काढला, तिथल्या पेट्या उखडल्या, आणि महिनाभर खपून नवं टेबल बसवलं. माप आठवणीतलंच होतं, एका बोटानंही चुकलं नाही. कात्रीची जागा मात्र त्यानं खाली घेतली, खांदा वर जात नाही म्हणून. ज्या दिवशी ते पुरं झालं त्या दिवशी त्यानं शेजाऱ्यांना बोलावलं. वामनराव मास्तरही काठी टेकत आले. "अखेर वहिनींना न्याय मिळाला," असं काहीतरी ते हसून म्हणाले. सगळे हसले. सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं.

"चांगलं आहे," प्रेमिला म्हणाली.

देवराव आणखी काही ऐकायला थांबला होता. टेबल खरोखर चांगलं होतं, ते ती नाकारत नव्हती. पण हात आता लवकर भरून येई, दोन ब्लाऊज झाले की खांद्यातून कळ निघे. तशातच इतवारीच्या बाजारातून शिवलेल्या कपड्यांच्या गाड्या वस्तीच्या तोंडापर्यंत यायला लागल्या होत्या. बाया कापड घेऊन येत त्या आता ढिलं झालेलं आत घ्यायला, फाटलेलं सांधायला येत. ज्या वर्षांत तिचा हात चालत होता ती वर्षं धुळीत आणि लूत गेली होती.

देवराव पुढं लोकांना सांगे, की माणसानं जीव ओतून केलं तरी काही बाया खूश होत नाहीत. तिच्या कानावर ते येई.

उजेड डाव्या अंगानं यावा म्हणून टेबल भिंतीकडे तोंड करून बसवलेलं होतं. संध्याकाळी देवराव शेडवरून येई तेव्हा प्रेमिला त्याचं आणि सुजाताचं ताट वाढी, पाण्याचा गडवा ठेवी, आणि आपलं ताट मशीनच्या झाकणावर ठेवून जेवायला बसे, भिंतीकडे तोंड करून. सुजाता कधी म्हणे, "आई, इकडं ये ना." प्रेमिला म्हणे, "जेवा तुमी. मी इथं बरी आहे."

देवराव घास घेता घेता तिच्या पाठीकडे बघे. मग भात कालवी.